बॅप्टिस्टच्या वाट्याची घटपर्णी

बॅप्टिस्टने कुंडी प्लासिडच्या ओट्यावर आदळली नाही, नुसती ठेवली. पण ज्या तऱ्हेने ठेवली, त्यावरूनच आपल्या मुलीचं लग्न अडचणीत आल्याचं प्लासिडने ओळखलं.

"ही हुबेहूब?" बॅप्टिस्टने विचारलं.

कुंडीत घटपर्णीचं रोप होतं. पानांच्या टोकांना माश्या गिळणाऱ्या सुरया लोंबत होत्या. पण त्या हिरव्या, टकल्या आणि बाटलीच्या बुचाएवढ्या.

प्लासिडचा चुलतभाऊ मार्सेल बोटीवर कामाला होता. त्याने सिंगापूरहून पुडीतून हे बी आणलं. तिथल्या एका माळ्याने दोन जातींच्या घटपर्णींचा संकर केला होता, आणि पुडीसोबत बियांच्या आईचा, म्हणजे मूळ रोपाचा फोटो होता: वीतभर लांब, लालभडक सुरई. नायगावच्या दमट हवेत, नारळाच्या काथ्यात बी रुजलं आणि प्लासिडचं डोकं फिरलं. रोपं बोटभर असतानाच त्याने ती वाटून टाकली. एक शेजारच्या भालचंद्रला, एक चर्चच्या फादरना, आणि एक खास गिरीज गावच्या बॅप्टिस्टला, कारण त्याच्या मुलाशी, हिलरीशी, प्लासिडच्या रोझलिनचं लग्न ठरत होतं. प्रत्येकाला फोटो दाखवून "हुबेहूब अशी होणार" असं छातीवर हात ठेवून सांगितलं. एक रोप स्वतःला ठेवलं.

सन अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रोपांनी रूप दाखवलं, तर एकीचं तोंड दुसरीला मिळेना. भालचंद्रची गोल, ठिपक्यांची, पोट सुटलेली. फादरची अरुंद, जांभळ्या ओठांची. ती त्यांनी चर्चच्या दाराशी टांगली, आणि दोन म्हाताऱ्यांनी पवित्र पाणी समजून तिच्यात बोटं बुडवून मेलेल्या मुंग्यांसकट कपाळावर क्रूस काढला. प्लासिडची स्वतःची मात्र थेट फोटोतून उतरलेली.

"चांगली घरात ठेवलीत," बॅप्टिस्ट म्हणाला. "भालचंद्रलासुद्धा बरी दिलीत. आणि व्याह्याला हे बूच?"

"अहो, सगळं एकाच बोंडातलं बी. संकराचं असंच असतं. कोण आईवर जातं, कोण आजोबावर."

"मग आजोबा नेमके आमच्याकडेच कसे आले?"

प्लासिडची बायको इझाबेल मदतीला धावली. "तुमचे युजीन आणि हिलरी एकाच आईचे ना? युजीन बोलायचा थांबत नाही, हिलरी बोलायला लागत नाही."

प्लासिडने डोळे मिटले.

"म्हणजे आमचा हिलरी बूच," बॅप्टिस्ट उठत म्हणाला. "लग्नाचं पुढच्या ईस्टरनंतर बघू. आमचा घरापुढचा पोर्टिकोही व्हायचाय."

प्लासिडला ईस्टरचं काही वाटलं नाही. भीती होती ती 'बघू' या शब्दाची. तो तसाच कुंपण ओलांडून भालचंद्रकडे अदलाबदलीला गेला. भालचंद्रच्या बायकोने, द्वारकाने, हिरव्या रोपाकडे पाहिलं.

"नाय बाबा. आमची तुळशीशेजारी ठेवलीय. आणि पोट बघा तिचं, अगदी यांच्यावर गेलीय. घरचं माणूस असं देतं का कोणी?"

भालचंद्र शर्टाची बटणं लावू लागला.

शेवटी प्लासिडने काळजावर दगड ठेवला, आपली लालभडक घटपर्णी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि गिरीजला पोचवली. बॅप्टिस्टने ती फोटोशी ताडून पाहिली, मग चहा मागवला. 'बघू'चं 'नक्की' झालं. ईस्टर मात्र जागचा हलला नाही.

टकलं रोप प्लासिडने विहिरीच्या कडेला टाकून दिलं. रोझलिन त्याला पाणी घालायची. तिकडे बॅप्टिस्टच्या ओट्यावर तापलेल्या वाऱ्यात लाल सुरया एकामागून एक वाळल्या आणि नुसती पानं उरली. इकडे पावसात टकल्या रोपाने अंग धरलं. नव्या सुरया तांब्याएवढ्या आल्या, पिवळ्यावर लाल पट्टे, वर झालरीचं झाकण. लहानपणचं तोंड मोठेपणी राहत नाही, हे प्लासिडला तेव्हा कळलं.

ऑक्टोबरात बॅप्टिस्ट सहज आला आणि विहिरीपाशी थबकला.

"ही कोणाची?"

"तुमचीच," इझाबेल म्हणाली. "तुम्हीच परत आणलीत."

बॅप्टिस्ट कुंडीपाशी उकिडवा बसला. "मग नेतो मी."

प्लासिड उचलायला वाकलासुद्धा, तेवढ्यात रोझलिन बादली घेऊन आली.

"सारखी हलवली तर वाळेल," ती म्हणाली. "तिला माझ्या हाताची सवय झालीय. मी येईन तेव्हा घेऊन येईन."

बॅप्टिस्टने सुरईत डोकावून पाहिलं. "ईस्टर फार लांब आहे," तो म्हणाला.

"पण तुमचा पोर्टिको?" प्लासिडने विचारलं.

"पोर्टिको काय, मागाहून होतो. नोव्हेंबर धरा."

नोव्हेंबरात लग्न लागलं. गिरीजला वरात पोचली, बॅण्ड दाराशी थांबला. बॅप्टिस्ट पुढे झाला, सुनेच्या हातातली कुंडी दोन्ही हातांनी अलगद घेतली आणि कोणाकडे न बघता घरात निघून गेला. रोझलिन उंबऱ्याबाहेर उभीच. शेवटी सासू पॉलिन आली आणि तिने तिचा हात धरला.

"ये गं," ती म्हणाली. "तू आलीस हे यांना उद्यापर्यंत कळेल."