गाठ गाक्कोशी आहे!

डॉक्टर ओहिनातांनी तोमेकिचींच्या दंडावरची पट्टी सोडली आणि तिसऱ्यांदा तोच आकडा लिहिला. वरचं एकशे अडुसष्ट. वजन चौऱ्याऐंशी किलो.

"तुमचा पांढरा कोट बघितला की वाढतं हो माझं बीपी," तोमेकिची म्हणाले. "घरी अगदी शांत असतं."

"घरी मोजता का?"

"घरी कशाला मोजू? शांत असतं म्हणून सांगतोय ना!"

गावात डॉक्टर एकच, आणि उत्सव समितीचे अध्यक्षही तेच. शरदातल्या उत्सवात देवळाच्या नव्वद पायऱ्या चढत ढोल वाजवायचा मान गेली बावीस वर्षं तोमेकिचींचा होता. वर्षातले बाकीचे दिवस ते त्या एका दिवसाची वाट बघण्यात काढत, असं म्हटलं तरी चालेल.

"पाच आठवडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "चार किलो उतरवा, वरचं एकशे चाळीसच्या आत आणा. तरच दाखला. नाहीतर ढोल दुसरं कुणीतरी वाजवेल."

"दुसरं कोण?"

डॉक्टरांची दोन बोटं टेबलावर ताल धरू लागली होती. तोमेकिचींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि वरचा आकडाही बहुधा तिच्यामागोमाग गेला.

घरी फुसाएबाईंनी त्याच दिवशी सोया सॉसची बाटली कुलपात टाकली. ताटात वाफवलेला कोबी, बिनमिठाचा टोफू, आणि सुपात सोयाबीनचा खारट मिसो फक्त नावाला.

"हे सूप आहे की भांडं विसळलेलं पाणी?"

"प्या गुपचूप. ढोल वाजवायचाय ना?"

पण खरा शत्रू मागच्या पडवीत होता. धुरावर टांगून मग कोंड्यामिठात मुरवलेल्या मुळ्याचं लोणचं, म्हणजे गाक्को. अख्खं पिंपभर, स्वतः तोमेकिचींनी घातलेलं. चौथ्या दिवशी फुसाएबाईंनी पडवीचं दार उघडलं तर नवरा पाठमोरा उभा.

"काय खाताय?"

"काही नाही." कुर्रम्.

"मग हा आवाज कसला?"

"दात वाजतायत. थंडी किती आहे!" कुर्रम्. ऑगस्ट महिना चालू होता.

"अहो, हे पिंप घरात आहे तोवर तुमचं काही खरं नाही. वाटून टाका सगळं."

तोमेकिचींनी जड मनाने चौदा घरांसाठी चौदा पुडकी बांधली. निळी सुतळी, आणि भाताच्या पेंढ्यांना ते घालत तीच गाठ. ती दुसऱ्या कुणाला घालता येत नसे आणि सोडवता तर मुळीच येत नसे. गावाला सुतळीच कापावी लागे. याचा त्यांना फार अभिमान होता.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सावाकाकू खारवलेला सॅमन मासा घेऊन हजर. "एवढं गाक्को दिलंत, मग आम्ही काय हात हलवत यायचं?" त्यांच्यामागून पलीकडचे कुदो घरचा मिसो घेऊन आले. संध्याकाळपर्यंत ओट्यावर खारट आणि गोड वस्तूंचा असा ढीग झाला, की कोबी ठेवायला जागा उरली नाही.

"खायचं नाही आणि टाकायचंही नाही," फुसाएबाई म्हणाल्या. "याचं त्याला, त्याचं याला देऊन या."

मासा कुदोंकडे गेला, मिसो सावाकाकूंकडे. पण दिलं की परत येणारच! कुदोंनी माशाच्या बदल्यात वाफवलेल्या मांजू-पावांची पेटी पाठवली, आत गोड सारण. शिवाय प्रत्येक दारात "या ना, चहा तरी घ्या", आणि चहाच्या शेजारी बशीत तोमेकिचींचंच गाक्को मांडलेलं. तोंडाला पाणी सुटायचं आणि डोळ्यांपुढे ढोल यायचा. शेवटी त्यांनी नामी युक्ती काढली. वस्तू उंबऱ्यावर ठेवायची, हाक मारायची आणि धूम ठोकायची.

सावाकाकूंनाही हार मानणं माहीत नव्हतं. त्या बॅटरीच्या सायकलवरून मागे लागत.

"अहो तोमेकिची! पळताय कुठे? भोपळा न्या!"

"भरून पावलो, काकू!"

"बुडवी म्हणवून घेऊ का मी? थांबा म्हणते ना!"

रोज दोनदा गावचा चढ आणि दोनदा उतार. रात्री इतकी भूक लागे, की कोबी मुळात गोड असतो हे त्यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं.

पाच आठवडे संपले. काट्यावर एकोणऐंशी किलो. बीपी एकशे चौतीस. डॉक्टरांनी पट्टी झटकली, पुन्हा मोजलं. एकशे बत्तीस.

"मशीन बिघडलंय की काय?" डॉक्टर पुटपुटले. दाखल्यावर सही करायला त्यांचा हात रेंगाळत होता. "सगळ्या गावाचं बीपी चढलंय आणि तुमचं तेवढं उतरतंय! कुणीतरी घरोघर गाक्को वाटत सुटलंय म्हणे. सापडला तर त्याला ढोलाच्या आसपास फिरकू देणार नाही मी."

तोमेकिचींनी मान खाली घातली. त्यांची नजर टेबलावर गेली. फायलींच्या आड एक पुडकं होतं, निम्मं रिकामं. शेजारी कापलेली निळी सुतळी, गाठ शाबूत.

"हे काय, डॉक्टर?"

"सावाकाकूंनी दिलं. मी आपलं नुसतं चाखून बघितलं. पुरावा म्हणून."

"चाखलंत ना? मग हात पुढे करा."

"काहीतरीच काय!"

पण तोमेकिचींनी ढोलावर पोसलेल्या हातांनी पट्टी आवळलीसुद्धा. मशीन गुरगुरलं आणि थांबलं. एकशे बासष्ट.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "ते... ते दवाखान्यात जरा वाढतंच."

"पांढरा कोट बघून ना?" तोमेकिची म्हणाले. "पण तो तर तुमच्याच अंगात आहे."

डॉक्टरांनी कोट काढला. पुन्हा मोजलं. एकशे सहासष्ट.

मग डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली, खणातून नव्याकोऱ्या ढोलकाठ्या काढल्या आणि तोमेकिचींसमोर ठेवल्या. वर उरलेलं पुडकंही त्यांच्या हातात कोंबलं.

"हे घरी न्या. आणि माझा आकडा बाहेर बोलू नका."

घरी तोमेकिचींनी दाखला देवासमोर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. फुसाएबाईंचेही आले, पण तेवढ्यात त्यांना पुडकं दिसलं, निळी सुतळी दिसली.

"हे डॉक्टरांनी दिलं?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आता त्यांना परत काय पाठवायचं?"

तोमेकिची निमूटपणे बुटांच्या नाड्या बांधू लागले.