आबांच्या खुर्चीचा करार

शेवटच्या दिवशीही माझे वडील, आबा, सलूनमध्ये नेहमीसारखेच चिडलेले होते. गिऱ्हाईक मान सरळ ठेवत नव्हतं! त्याला झापता झापता मला म्हणाले, "येताना ब्लेडं आण." मी आणली. दुसऱ्या दिवशी ती लावणारा हातच राहिला नाही.

महिन्याभरानं दुकान आवरायला घेतलं. मी जाहीर केलं, "खुर्ची सोडून हवं ते न्या!" आयुष्य वाचनालयात गेलेलं, आवाज न चढवता माणसं गप्प करण्यात माझा हात कोण धरणार?

माझ्या बारा वर्षांच्या भाचीनं धरला! दोन मैत्रिणी आणि एक हातगाडी घेऊन ती दारात उभी.

"आत्या, हो बाजूला. खुर्ची माझी आहे."

"कुणी सांगितलं?"

"आबांनी! सुट्टीभर मी दुकान झाडायचं, बदल्यात खुर्ची. मी झाडलं! वकीलकाका दाढीला बसले होते, विचार त्यांना!"

माझं डोकंच फिरलं. पोरीनं आबांचा वस्तरा मागितला असता तरी इतकी भडकले नसते.

"कालचं पोर, आणि करार करतंय! कायद्यात त्याला काडीची किंमत नाही! बोलाव तुझ्या वकिलाला!" म्हणत मी खुर्चीत ठाण मांडलं.

एक मैत्रीण वकिलांकडे पळाली. दुसरी मैत्रीण खुर्ची वर चढवायचा दांडा दाबत सुटली. सुट्टीत भाचीनं त्याला भरपूर तेल पाजलेलं. खुर्ची महागाईसारखी वर चढली आणि वरच अडकली!

"पंखा बंद करा!" मी किंचाळले.

दादा धावत आला. मान वर करून म्हणाला, "काय गं, प्रवचन आहे का?"

"दात काढू नकोस! उतरव मला!"

मागोमाग वकील आले. आबा गेल्यापासून त्यांची दाढी वाढलेलीच होती. मी छतालगतून गरजले, "लहान मुलांचे करार पाळावे लागतात का? एका शब्दात सांगा!"

"वकील आहे, एका शब्दात कसं सांगू? हे बघा, करार लहान मुलाला बांधत नाही. त्याच्या अंगाशी येऊ नये म्हणून. पण पोरीनं काम पुरं केलंय. आता 'तू लहान होतीस' म्हणून मोठ्यांनीच हात झटकायचे? माझ्या मते, साफ चूक!"

"मोठ्यांनी झटकायचे नाहीत?" माझा आवाज चिरकला. "कधीच?"

मीही लहानपणी झाडलं होतं. हीच खुर्ची, हाच करार, असाच तोंडी. शिक्षण संपल्यावर आठवण करून दिली, तर आबा हसले होते. "पोरवयातले करार कुणी धरतं का गं!" मीही हसले होते. आणि वाचनालयात रुजू झाले होते.

दादानं दांड्यावर लाथ हाणली. मोठा सुस्कारा सोडत खुर्ची आरशासमोर खाली आली. आरशात मी होते. माझ्या मागे कुणीच नव्हतं.

"आबा!" मी आरशावर ओरडले. "मला हे दुकान चालवायचं होतं!"

भाचीनं हातगाडी भिंतीला टेकवली.

"मग चालव की, आत्या. खुर्ची देते भाड्यानं," ती म्हणाली. "पण करार लेखी हवा हं. मोठ्या माणसांचा काही भरवसा नसतो!"