भाऊजींची शर्यत

औषधांच्या गोदामातल्या संगणकाचं दुखणं आपण एका दुपारात बरं करू, असं भाऊजींनी घरी जेवताना जाहीर केलं. त्यांच्या वहिनी त्याच गोदामात फोनवर बसत. त्यांची हाक ऐकून साहेबांसकट सगळं ऑफिस तिथल्या या इंजिनिअरला भाऊजीच म्हणे.

दुखणं असं, की दुकानदार औषध विचारी, वहिनी नाव टाइप करत, आणि पडदा ध्यान लावून बसे. "जरा थांबा हं," म्हणून म्हणून त्यांच्या घशाला कोरड पडे. फोनवाल्या बाई सुस्त आहेत, अशी तक्रार साहेबांपर्यंत गेली होती. नोकरी टांगणीला लागली होती.

"जुना डेटाबेस सगळं डिस्कवरून आणतो. म्हणजे मीठ लागलं की चढा माळ्यावर," भाऊजींनी समजावलं. "नवा सगळं मेमरीत ठेवतो. ओट्यावर, हाताशी."

"मावेल का सगळं ओट्यावर?"

"वहिनी, तुम्ही फोन सांभाळा."

साहेबांसमोर जुन्या-नव्याची शर्यत ठरली. फजिती नको म्हणून भाऊजींनी सकाळपासून जुन्याला एकेका औषधाचा साठा पुन्हा पुन्हा विचारून तालीम केली. नव्याचा रुबाब दिसावा म्हणून बाजूच्या संगणकावर त्याच्यात आजवरची सगळी बिलंही ठासून भरली.

साहेबांनी बटण दाबलं. जुन्याने पापणी लवायच्या आत उत्तर दिलं. नवा विचारात पडला. चहा आला. चहा संपला.

"भाऊजी, यातला चपळ कोणता म्हणालात?"

भाऊजींनी घाम पुसत शोध घेतला. नव्याची मेमरी ओसंडली होती आणि न मावलेला माल संगणकाने गुपचूप डिस्कवर नेऊन टाकला होता. जुन्याची उत्तरं मात्र सकाळभरच्या सरबत्तीने मेमरीत येऊन बसली होती. ओट्यावरचा माळ्यावर, माळ्यावरचा ओट्यावर.

नवा डेटाबेस नामंजूर झाला. भाऊजी मान खाली घालून वहिनींपाशी गेले.

"वहिनी, हरलो."

"हरलात कसले? सकाळपासून पडदा पळतोय नुसता. एकाही दुकानदाराने आवाज चढवला नाही. काय केलंत?"

"काही नाही. प्रश्न विचारत होतो."

"मग रोज विचारा."

खर्च नसल्यामुळे साहेबांनाही ते पटलं. वहिनींविरुद्धची तक्रार फाइलबंद झाली. तेव्हापासून भाऊजी फोन वाजू लागण्याआधी येतात आणि ज्यांची उत्तरं कुणालाच नकोत असे प्रश्न संगणकाला विचारत बसतात. हे काम एक छोटासा प्रोग्रॅम आपोआप करू शकतो, हे त्यांना ठाऊक आहे. साहेबांना ते अजून सुचलेलं नाही, आणि वहिनी काही बोलत नाहीत.