हलक्या पायांची आणि जड लिंबाची बखर

श्री. आकाशी चढणाऱ्यास उतरण्याचीही बुद्धी असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे.

नदीकाठी एक राज्य होते. तेथे मातुश्री म्हाळसाबाईसाहेब राज्य करीत आणि चिरंजीव हैबतराव इंजिनियरीची विद्या अर्ध्यात टाकून लोकांच्या लग्नांचे चित्रण करीत. फौज म्हणाल तर एक कॅमेरा, एक दिव्याची छत्री आणि एक ड्रोन, म्हणजे चार पंखांचे उडते यंत्र. त्याच्या पोटाखाली डोळा आणि पाय ऐसे बुटके की बेडकाने हसावे. राजकन्या मैनावतींच्या साखरपुड्यात हे यंत्र दिमाखाने उतरावयास गेले, तो पाय काडकन मोडला आणि स्वारी कलंडून थेट विहीण भामाबाईंच्या बासुंदीच्या पातेल्यात विराजमान जाहली. भामाबाई गोड हसून वदल्या, "अगं बाई, आमच्यात बासुंदीत चारोळी घालतात. तुमच्यात हे घालतात होय?" सारी पंगत खदखदली आणि मातुश्रींच्या अंगाचा तिळपापड जाहला. घरी येताच हुकूम सुटला, "लग्नात हे भूत विहिणीच्या डोळ्यांदेखत उतरेल आणि स्वतःच्या पायांवर उभं राहील. नाही राहिलं, तर लेकीच्या सासरी मी जन्मभर मान खाली घालून जायची."

मग हैबतरावांनी पराक्रम आरंभिला. प्रथम पडद्याची लोखंडी नळी कापून पाय केले. ते ऐसे बळकट की हत्ती बसावा, आणि ऐसे जड की यंत्र गुडघाभर उठले, घाटातल्या बैलासारखे धापा टाकू लागले आणि बसले. मातुश्री म्हणाल्या, "पाय केलेस की जातं बांधलंस रे?" मग सरबताच्या नळ्यांचे पाय केले. यंत्र फुलपाखरासारखे उडाले आणि दारुड्यासारखे बसले. तेव्हा सूनबाई सगुणाबाई पोटमाळ्याकडे पाहून म्हणाल्या, "दिवाळीचा कंदील महिनाभर वाऱ्यात धडपडला, एक कामटी मोडली नाही." हैबतराव म्हणाले, "हे मी सुचवणारच होतो." ते नेहमीच सुचवणार असतात. मग कंदील सोडविला आणि बांबूच्या कामट्या मोदकपात्राच्या वाफेवर वाकविल्या आणि दोऱ्याने आवळून डिंक चोपडला आणि तळाशी जुन्या सपातांचे तुकडे लाविले. पाय उंच, फाकलेले आणि मूळच्या पायांहून हलके जाहले. ओट्यावरून खाली टाकिले, तरी किंचित लवून पुन्हा ताठ. मातुश्री एवढेच बोलल्या, "हं." या राज्यात यापरती शाबासकी नाही.

लग्नदिवस उगवला. मातुश्रींच्या मनात आले, पाय झाले, पण विहिणीच्या दृष्टीचे काय? सबब सर्वांची पाठ वळताच त्यांनी टपोरे लिंबू आणि सात मिरच्या काळ्या दोऱ्यात ओवून यंत्राच्या पुढल्या पायास बांधिल्या. यंत्र तिरके होऊन उडाले. हैबतरावांनी हातातल्या पडद्यावर पाहिले, तो नवरानवरी गडप आणि लिंबू डोळ्यापुढे झोके घेत आहे. ते धावत येऊन कुजबुजले, "आईसाहेब, सगळ्या पायांहून हे लिंबू जड! उतरवतो, सोडतो, परत उडवतो."

"खबरदार! मध्येच उतरवलंस तर ती म्हणेल, पडलं."

"अगं, पण चित्रात काहीच दिसत नाही!"

"न दिसू दे. ती वर बघतेय, चित्रात नाही."

आणि मंगलाष्टके सरली, आणि वारा सुटला, आणि यंत्र गरगरत भामाबाईंच्या पुढ्यात दणकन आदळले. मातुश्री जागच्या अर्ध्या उठल्या. कामट्या पोटापर्यंत दबल्या, पसरल्या, आणि मग हळूच यंत्रास उचलून उभ्या राहिल्या. मातुश्रींनी पदर सारखा केला आणि विचारिले, "विहीणबाई, बासुंदी वाढू?" भामाबाईंनी वाटी पुढे केली, परंतु तळहाताने झाकून.

पुढे सत्यनारायणास सर्व मंडळी चित्रण पाहावयास बसली. आरंभापासून अखेरीपर्यंत लिंबू. भामाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "बाई, माझा मुलगा कुठंय?"

मातुश्री मान ताठ ठेवून म्हणाल्या, "तिसऱ्या मिरचीच्या मागं. पण उतरलं कसं, ते बघितलंत ना?"

एवंच, पाय हलके ठरले, लिंबू जड ठरले, विवाह कोणाचा जाहला यास चित्रात पुरावा नाही, आणि मातुश्रींची मान वर राहिली. इति.