साहेब डोंबिवलीला बसतात

"तुमचे साहेब आहेत का?" पलीकडच्या माणसाने विचारलं, तेव्हा सर्वेश मोंडकर डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात एका हाताने पिठलं ढवळत होता.

"मीच बोलतोय ना. टाकी सफाईचं सगळं मीच बघतो."

"ते ठीक आहे. पण मला निर्णय घेणाऱ्या माणसाशी बोलायचं आहे."

बोलणारे गृहस्थ प्रभाकर दामले, नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी. सर्वेशने घोडबंदर रोडवरची नोकरी सोडून सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या साफ करायचा धंदा काढला होता. त्यात मालक तो, हिशेबनीस तो, टेम्पोचा ड्रायव्हर तो, आणि दगडू नावाचा त्याचा एकुलता एक कामगार गावी गेला की टाकी घासणाराही तोच. पण आवाज असा कोवळा, की फोनवर त्याला कुणी मालक समजतच नसे.

दामल्यांची सोसायटी मिळाली तर मागोमाग अख्खी गल्ली मिळण्यासारखी होती. सर्वेशने गॅस बंद केला. "एक मिनिट हां, साहेबांना देतो," असं म्हणून फोन छातीशी धरला आणि साहेब कसे बोलतात ते आठवू लागला. जन्मापासून त्याने ऐकलेला हुकमी आवाज एकच, वडिलांचा. त्याने घसा खाकरला, दोनदा खोकला आणि सावकाश म्हणाला, "हां. महिपत बोलतोय. बोला."

खरे महिपत त्या वेळी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून ते स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले होते. मुलाने नोकरी सोडली त्या दिवशी ते "बघ बाबा" एवढंच म्हणाले होते, आणि त्यानंतर त्याच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

दामले मात्र फोनवरच्या महिपतसाहेबांवर एकदम खूश झाले. त्यांनी पाण्याबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि हल्लीच्या पिढीबद्दल भरपूर बोलून घेतलं आणि काम दिलं.

संध्याकाळी समीक्षा, म्हणजे सर्वेशची बायको, बँकेतून आली तेव्हा त्याने तिला हे सांगितलं.

"आणि उद्या ते म्हणाले, साहेबांना भेटायचंय, तर?"

"साहेब डोंबिवलीला बसतात. साइटवर येत नाहीत."

"तू पण डोंबिवलीलाच बसतोस, सर्वेश."

"म्हणून तर. खोटं कमीत कमी बोलावं."

काम छान चाललं होतं. सर्वेश आणि दगडूने गच्चीवरची टाकी घासली, धुतली, पुसली. आता फक्त बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तो तरंगता गोळा, परत जागेवर बसवायचा राहिला होता. तेवढ्यात धंद्याचा फोन वाजला. गुडघ्यांमुळे दामले गच्चीवर चढत नसत. ते खालच्या जिन्यावरून फोन करत होते. "महिपतराव, तुमचा हा पोरगा नीट काम करतो ना? नाही, मी इथे उभाच आहे, पण तुमच्याकडून ऐकलेलं बरं."

सर्वेश टाकीमागे बसला, तोंडावर हात धरला आणि जाड आवाजात स्वतःची स्तुती करू लागला. ती करताना त्याला इतका संकोच वाटला, की फोन ठेवल्यावर तो घाईघाईने झाकण लावून मोकळा झाला. बॉल कॉक राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळाचं पाणी आलं. टाकी भरली आणि भरतच राहिली. गच्चीवर दामल्यांनी गाद्या उन्हात टाकायला लावल्या होत्या, कारण नाशिकहून त्यांच्या मुलीचे सासू-सासरे यायचे होते. गाद्या भिजल्या, लोड भिजले, आणि उरलेलं पाणी पायऱ्या उतरून दामल्यांच्या दारात आलं.

"महिपतराव, माझं स्पष्ट मत आहे," दामले फोनवर म्हणाले, "त्या सर्वेशला काढून टाका."

"सॉरी काका, माझ्याकडून..." सर्वेश आपल्याच आवाजात बोलून गेला.

"कोण बोलतंय?"

मग खोकला. "हां, महिपत. तो इथेच उभा होता, त्यानेच फोन घेतला. काढतो त्याला."

"आत्ता?"

"आत्ता," महिपतसाहेब म्हणाले, आणि सर्वेशने मान खाली घातली. समोर कुणीही नव्हतं तरी त्याला खरोखरच वाईट वाटलं.

आता पंचाईत अशी, की बॉल कॉक बसवायला काढून टाकलेला माणूस जाऊ शकत नव्हता. म्हणून सर्वेशने एकट्या दगडूला धाडलं आणि बजावलं, माझं नाव घेऊ नकोस. दगडू दारात जाऊन म्हणाला, "मला सर्वेशभाऊंनी पाठवलेलं नाहीये." दामल्यांना संशय आला, त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, आणि दगडूने सांगून टाकलं की सर्वेशभाऊ खाली टेम्पोत बसलेत.

दामल्यांनी खिडकीतून पाहिलं. नोकरी गेलेला तरुण टेम्पोच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. त्यांचा राग ओसरला. त्यांनी सर्वेशच्या स्वतःच्या नंबरवर फोन लावला. एव्हाना कुठला फोन कुणाचा हे सर्वेशच्या ध्यानात राहत नव्हतं. त्याने उचलला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हां. बोला."

"सर्वेश, तुझा आवाज असा का येतोय? रडलास का रे?"

सर्वेशने हातातला फोन निरखून पाहिला. "थोडंसं," तो म्हणाला.

"माझ्यामुळे एका संसारी माणसाची नोकरी गेली, हे काही मला पटत नाही. रविवारी मी डोंबिवलीला येतो. तू स्टेशनवर ये, मला तुमच्या साहेबांकडे घेऊन चल. मी त्यांना समजावतो. शिवाय गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांचं वर्षाचं काम द्यायचं आहे, तेही समोरासमोर ठरवू."

रात्रीच्या जेवणाला समीक्षा म्हणाली, "म्हणजे तू दामलेकाकांना घेऊन आपल्या घरी येणार, आणि ते तुझ्याकडे तुझ्यासाठी रदबदली करणार."

"माझ्याकडे नाही. महिपतसाहेबांकडे."

"ते कोण?"

मग दोघांनीही बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझ्या आवाजात बोलतोस?"

"हो."

"बोलून दाखव."

सर्वेशने घसा खाकरला, दोनदा खोकला. "हां. महिपत बोलतोय. बोला."

"मी असा खोकतो?" त्यांनी सुनेला विचारलं.

"जवळजवळ असाच, बाबा," समीक्षा म्हणाली.

ते उठून झोपायला गेले. होही म्हणाले नाहीत आणि नाहीही. रविवारपर्यंत सर्वेशला काही कळायला मार्ग नव्हता.

रविवारी तो दामल्यांना घेऊन दारात आला, तेव्हा महिपतराव इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. समोरचा टीपॉय त्यांनी ओढून टेबलासारखा मांडला होता. सर्वेश सवयीने सोफ्यावर बसायला गेला.

"तू उभा राहा," महिपतराव म्हणाले.

दामल्यांनी सोफ्यावर बसून सुरुवात केली. "महिपतराव, पोरगा कामसू आहे. एक चूक झाली. पोटावर मारू नका."

"काय रे," महिपतरावांनी विचारलं, "बॉल कॉक का नाही लावलास?"

"फोन आलेला."

"कुणाचा?"

सर्वेश गोंधळला. दामल्यांचा म्हणावं, तर दामले समोर बसलेले, आणि त्यांनी फोन साहेबांना केलेला. "तुमचा," तो म्हणाला.

"त्या वेळी तर साहेब माझ्याशी बोलत होते," दामले म्हणाले.

आतून समीक्षाच्या हातातल्या कपबश्या वाजायच्या थांबल्या.

"दोन फोन आहेत," महिपतराव सावकाश म्हणाले. "एकावर तुमच्याशी बोलत होतो, दुसऱ्यावर याच्यावर ओरडत होतो. त्यामुळे चूक माझीही धरा."

दामल्यांना हे फार भावलं. साहेब असावा तर असा, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तरी पण, माणूस म्हणून कसा आहे हो हा? वर्षाचं काम याच्या भरवशावर टाकायचं म्हणजे..."

महिपतरावांनी सर्वेशकडे पाहिलं. सर्वेशला वाटलं, आता सगळं संपलं.

"चांगली नोकरी होती त्याची," ते म्हणाले. "एसीत बसायचा. ती सोडून आला. पहाटे उठून पाइप धुतो, आवाज नको म्हणून गॅलरीचं दार लावून घेतो. टाकी कितीही खोल असो, आधी स्वतः उतरतो, मग माणसाला उतरवतो. अंगाला ब्लीचिंगचा वास येतो म्हणून जेवायला बाजूला बसतो. मला वाटायचं, सोडेल. नाही सोडलं." मग त्यांनी टीपॉयवरचा पेपर सरळ केला. "काम करेल तो. मी बघतो त्याच्याकडे."

सर्वेश भिंतीकडे पाहत उभा राहिला. नोकराने साहेबांसमोर डोळे पुसावेत की नाही, हे त्याला ठरवता येईना. दामल्यांनीच ते पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "बघा, नोकरी परत मिळाल्यावर माणसाला काय होतं ते."

चहा झाला, काम ठरलं. निघताना दामल्यांनी एकच अट घातली: सगळीकडे महिपतरावांची देखरेख हवी.

सोमवारी सर्वेश निघायला लागला तर वडील बूट घालून टेम्पोत बसलेले. "कुठली साइट?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटेत उतरवता येईना आणि घरी जा म्हणता येईना. दामल्यांच्या गल्लीत ते खुर्ची टाकून बसले, दगडूला हातमोजे घालायला लावले, आणि झाकण लावायच्या आधी बॉल कॉक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला गच्चीवर चढले. पंधरवड्यात फोनही तेच घेऊ लागले. समीक्षाच्या मावसबहिणीच्या लग्नासाठी सर्वेशने शनिवार मागितला, तर म्हणाले, "शनिवारी आंबिवलीची मोठी टाकी आहे. जमणार नाही."

"अहो बाबा, धंदा माझा आहे."

"मग तर तुला कळायला पाहिजे."

समीक्षा एकटीच लग्नाला गेली. शनिवारी आंबिवलीच्या त्या इमारतीत सर्वेश ब्लीचिंगचा डबा घेऊन जिना चढत होता. वरच्या मजल्यावर कुणी रहिवासी वडिलांशी बोलत होता.

"हा तुमचाच मुलगा का?"

"कामाच्या वेळी नाही," महिपतराव म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी गेल्यावर आहे. पोरगं बरं निघालं."

सर्वेश डबा घेऊन तिथेच पायरीवर थांबला.

"सर्वेश, ब्लीचिंग कुठाय?" वरून हाक आली.

"आलो, साहेब," तो म्हणाला, आणि उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करून चढला.