वैजूअण्णांची जीभ

वैजूअण्णा दगड चाटून बघायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी मुद्दाम लपवलं. त्यांच्या खोलीवर कुणी नवा माणूस आला की ते कोनाड्यातला एखादा दगड उचलायचे, धोतराला पुसायचे आणि जिभेचा शेंडा अलगद टेकवायचे. मग डोळे मिटून निकाल द्यायचे. "ह्यो राजेश्वरचा. काळ्या रानातला." "ह्यो बीदरच्या अंगाचा. लाल माती हाय, जरा तुरट लागायलाय." येणारा बिचारा कशाला आला होता तेच विसरायचा.

माझे वडील शाळामास्तर. परीक्षा घेतल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी एकदा आमच्या दारातलाच दगड रुमालात बांधून नेला. अण्णांनी तो चाटला, लगेच थुंकले आणि म्हणाले, "हुमनाबाद. डिझेल लागलंय."

आमचं घर हमरस्त्याला लागून. पुण्या-हैदराबादच्या लॉऱ्या दिवसरात्र दारावरून जायच्या. वडील रुमाल झटकून घरी आले.

"माणूस खोटं बोलल, मास्तर. जिबंला खोटं जमत न्हाई," हे अण्णांचं पालुपद. खरं पाहता जगातलं झाडून सगळं खोटं जिभेनंच बोललं जातं. पण हे अण्णांना सांगणार कोण? ते कापडदुकानात कापड फाडायला होते. गिऱ्हाइकानं "रंग जाईल का हो?" असं विचारलं, तर हे ताग्याचं टोक जिभेला लावायचे आणि छातीठोकपणे म्हणायचे, "न्हाई जात, न्या." अशानं एका बाईनं लुगडं तिथंच टाकून पळ काढला. त्या दिवसापासून मालकानं दुकानात जीभ बाहेर काढायला बंदी घातली.

अण्णा आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. बायको फार आधी वारलेली. मुलगा हैदराबादला. गाव आणि रान दोन्ही धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा अण्णा एक ट्रंक आणि एक कंदील घेऊन हुमनाबादला आले. पाणी वाट बघत थांबेल असं त्यांना वाटलं होतं. ते थांबलं नाही. घाईत रानातले पांडव आणायचे राहिले.

पांडव म्हणजे काय ते आमच्या भागाबाहेरच्या लोकांना सांगायला हवं. आमच्याकडं येळवस असते, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव रानात जातं. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, हे पांडव. त्यांना शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा, ताकातल्या आंबिलीचा, बाजरीच्या उंड्यांचा निवद दाखवायचा. मग घरधन्यानं "व्हलगे व्हलगे, सालम पलगे" ओरडत रानभर आंबील शिंपडायची. ज्याला रान नाही त्याला दुसऱ्यानं आवर्जून बोलवायचं. त्या दिवशी कुणी घरात बसून जेवत नाही.

अण्णांना आम्ही दर वर्षी राजेश्वरला आमच्या रानात न्यायचो. जेवायला ते कुणाला हार जायचे नाहीत. पण पूजेच्या वेळी मात्र हा माणूस लांब बांधावर जाऊन उभा राहायचा. आईनं एकदा विचारलं, "अण्णा, तिकडं कामून थांबलाव? या की मोरं."

"तुमचे पांडव हैत, अक्का. मी पाव्हणा. पाव्हण्यानं जेवावं, निवद दाखवू न्हाई."

असं म्हणून त्यांनी लगेच विनोद केला, काय तो आठवत नाही, पण आई हसली नव्हती हे आठवतं.

एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं. अण्णा सकाळी सकाळी आमच्या दारात हजर. "मास्तर, सहलीला जाऊ. दगडं गोळा करायला."

"उन्हाळ्यात? दगडं?"

"माझे पांडव वर आले असत्याल. मला एकट्याला हुडकायला व्हायचं न्हाई. तुमी समदे चला."

वडिलांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "दशम्या करायलेव, थांबा." संपलं. अण्णा, आई, वडील, मी आणि माझी धाकटी बहीण शकू, असं आमचं लटांबर बसनं निघालं. शकूला तेव्हा धड अक्षरओळख नव्हती, पण पांडव शोधायचे हे तिनं फारच मनावर घेतलं होतं.

धरणाकाठी पोचलो तर नजर जाईल तिथवर भेगाळलेला चिखल आणि त्यात दगडच दगड. अण्णांनी आम्हाला शिस्त लावून दिली. गोल दगड आणायचा, चुन्याचा डाग बघायचा, आणि आणून त्यांच्या पुढ्यात ठेवायचा. स्वतः ते बाभळीच्या सावलीत न्यायाधीशासारखे बसले. आम्ही दगड आणत होतो, ते चाटत होते आणि फेकत होते. "न्हाई. ह्यो पाटलाच्या रानातला." "ह्यो वढ्यातला." "ह्यो तर देवळाच्या पायरीचा, ठिवून या जाग्यावर, पाप लागंल." वडिलांनी एक फार देखणा दगड आणला, आत स्फटिक चमकत होते. अण्णांनी तो चाटलासुद्धा नाही. "ह्यो मिरवायचा दगड हाय, मास्तर. ह्याला निवद पचायचा न्हाई."

दुपारी दशम्या खाऊन झाल्यावर वडिलांनी विचारलं, "अण्णा, तुमचं रान नेमकं कुठं होतं?"

अण्णांनी हात केला. चिखल संपत होता तिथं नाही, त्याच्या पुष्कळ पुढं, पाण्यात. एका वाळक्या झाडाचा शेंडा तेवढा वर दिसत होता. "ती आमची चिंच. पांडव तिच्या बुडाला."

"म्हणजे अजून पाण्यातच आहेत की!"

"वाहून काठाला आले असत्याल," अण्णा म्हणाले.

दगड वाहत नाहीत हे वडील शाळेत शिकवत असत. ते उठले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि निमूटपणे पुन्हा चिखलात शिरले. माझ्या वडिलांबद्दल मला जे काही प्रेम आहे, त्यातलं निम्मं त्या दुपारचं आहे.

संध्याकाळपर्यंत एकही पांडव सापडला नाही. आईनं चांगले गोलगोल दगड तेवढे पोत्यात भरून घेतले होते, वाटणाला होतील म्हणून. आम्ही सडकेवर बसची वाट बघत उभे राहिलो. अण्णा तेवढ्या वेळात एकदाही बोलले नाहीत. एरवी बस यायच्या आत ते तिच्या चाकाची चव सांगतील असे. शकूचं तोंड रडवेलं झालं होतं. तिचा प्रत्येक दगड नापास झाला होता.

सडकेचं काम चालू होतं. कडेला डांबराची पिंपं आणि दगडांचा ढीग. शकू आमचा हात सोडून तिकडं पळाली आणि पोटाशी एक दगड कवटाळून आली. चांगला नारळाएवढा. तो अण्णांच्या हातात देत म्हणाली, "अण्णा, ह्यो तरी हाय का?"

अण्णांनी दगड धोतराला पुसला. जीभ टेकवली. डोळे मिटले. नेहमीपेक्षा बराच वेळ मिटलेले राहिले. मग त्यांनी शकूकडं बघितलं.

"व्हय गं माय. ह्योच. आमचा भीम!"

शकूनं असा काही आरडाओरडा केला की सडकेवरचे गडी काम थांबवून बघायला लागले. "बाकीचे चार?" तिनं विचारलं. अण्णांनी आईचं पोतं उपसलं आणि न चाटता चार दगड काढले. "हे बी आमचेच हैत. सकाळी च्यानं जीभ पोळली हुती, म्हणून वळखू आले न्हाईत."

बसमध्ये कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "इसमें क्या है, चाचा?"

"पांडवां हैं."

"तो पांच टिकट लेव."

"सहदेव छोटा है. उसका हाफ," अण्णा म्हणाले, आणि हुमनाबाद येईपर्यंत त्यांची ह्यावर हुज्जत चालली. अण्णांची जीभ ताळ्यावर आली, म्हणून आई खूश होती.

त्या येळवशीला वडिलांनी आमच्या रानाचा पूर्वेकडचा कोपरा अण्णांना दिला. फार नाही, एक खोप मावेल एवढा. अण्णा आदल्या दिवशी घरोघर आवतन देत फिरले, "उद्या माझ्या रानाला या." आमच्या घरीसुद्धा, आणि आम्हाला आमच्याच रानाचा पत्ता नीट समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ते बांधावर उभे राहिले नाहीत. आंबिलीचा तांब्या घेऊन त्या चार पावलांच्या रानात असे काही ओरडत धावले की शेजारच्या शिवारातली माणसं उठून उभी राहिली. आई पदरानं डोळे पुसत होती. धूर लागला, असं मला म्हणाली. चूल अजून पेटवायची होती.

पूजा झाल्यावर मी वाकून नमस्कार केला, तेव्हा मला भीमाच्या कुशीवर चुन्यातून वर आलेला काळा डाग दिसला. डांबराचा. बोटाएवढा जाड. त्यानंतर मी दर वर्षी बघत आलो. अण्णा बाकीच्या चौघांना चुन्याचा एक हात द्यायचे, भीमाला त्या जागी दोन. तरी दुपारच्या उन्हात डाग वर यायचाच.

शकूचं लग्न होऊन ती निंबर्ग्याला गेली, त्यानंतरच्या येळवशीची गोष्ट. अण्णा फार थकले होते. खोपीत बसून भीमाला चुना लावत होते. आम्ही दोघंच होतो. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "अण्णा, डांबराची चव कशी असती हो?"

अण्णांनी इकडं तिकडं बघितलं. मग त्या काळ्या डागावर आपला चुन्याचा तळवा ठेवला आणि मला दटावलं, "गप बस. भीम ऐकायलाय."