तण-अधिकाऱ्याच्या अळ्या

व्हर्ना सोमवारी गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली आणि मंगळवारी दुपारी डेलमार हुसबीने गॅरेजमागचं रान साफ केलं. दोन आठवड्यांनी बायको घरी येईल, काठी टेकत मागच्या अंगणात जाईल आणि म्हणेल, "अरे वा, किती छान केलंस!" असं त्याच्या मनात होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात व्हर्ना असं एकदाही म्हणाली नव्हती, पण माणसाने आशा सोडू नये.

साफसफाईत कमरेएवढी वाढलेली, जाड पानांची पंचवीसेक झाडं निघाली. पान तुटलं की पांढराशुभ्र चीक. मिल्कवीड! आपल्या रुईची सख्खी मावसबहीण. डेलमारचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कारण बेल्डन क्रीक गावचा तण-अधिकारी तोच होता, आणि तोही थोडाथोडका नव्हे, बावीस वर्षं. कुणाच्या आवारात काय माजलंय ते बघायचं, नोटीस काढायची आणि दहा दिवसांत उपटलं नाही तर स्वतः मशीन घेऊन हजर व्हायचं, हे त्याचं काम. गावातून त्याने मिल्कवीडचं नाव पुसून टाकलं होतं, आणि ते चक्क त्याच्याच गॅरेजमागे माजलं होतं! शेजारीपाजारी कुणी पाहण्याआधी त्याने ते बुंध्यापासून कापलं, वर औषध मारलं आणि कापलेला भारा जाळून टाकला.

संध्याकाळी व्हर्नाचा फोन आला.

"अळ्या कशा आहेत?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाळीचा पिंजरा होता आणि त्यात काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या एकोणीस अळ्या. डेलमारने तिकडे नजर टाकली. "मजेत आहेत. तुझा गुडघा कसाय?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय! पानं घातलीस का?"

"घातली की. फ्रिजमध्ये कोबी होता."



"डेलमार, त्या मोनार्क फुलपाखराच्या अळ्या आहेत. त्या मिल्कवीडची पानं सोडून जगात दुसरं काही खात नाहीत. उपाशी मरतील, पण तुझ्या कोबीला तोंड लावणार नाहीत. गॅरेजमागे जा. तीन वर्षांपूर्वी लावलंय मी तिथे."

डेलमारच्या तोंडचं पाणी पळालं. "मला बोलली नाहीस ते."

"तू नोटीस काढली असतीस."

"तुला? मी?"

"सख्ख्या आईला काढली होतीस."

"तिच्याकडे काटेरी झुडपं होती," डेलमार म्हणाला. "ती गोष्ट वेगळी."

"हे बघ," व्हर्नाचा आवाज जरा मऊ झाला. "इथे पडल्या पडल्या पाय दुखतो, झोप लागत नाही. मग मी त्या एकोणीस जणींचा विचार करते. चालता यायला लागलं की पहिलं काम म्हणजे त्यांची फुलपाखरं माझ्या हाताने सोडायची. एकसुद्धा मरता कामा नये. घालशील ना पानं?"

"घालतो," डेलमार म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता बिचारा?

बुधवारी उजाडताच तो गाडी घेऊन बाहेर पडला. शाळेमागची मोकळी जागा पाहिली, तिथे गालिचा अंथरावा तसं गवत होतं. हायवेच्या कडेचे चर पाहिले, ते त्याच्याच तक्रारीवरून मागच्या आठवड्यात कापले गेले होते. रेल्वेच्या रुळांकडेच्या तणावर त्यानेच पाठपुरावा करून औषध मारायला लावलेलं होतं. आपलं काम किती चोख आहे हे डेलमारला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि त्याला रडू यायचं बाकी राहिलं. साठ मैलांवरच्या रोपवाटिकेला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, "संपलं हो. हल्ली सगळे तेच मागतात." दुपारी घरी आला तेव्हा एकोणीसच्या एकोणीस अळ्या पानं शोधत पिंजऱ्याच्या छताला जाऊन बसल्या होत्या. कोबी जसाच्या तसा होता.

आता गावात मिल्कवीड एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि ती जागा डेलमारला झोपेतही सांगता आली असती. ऑर्व्हिल टोलेफसनच्या थडग्यावर.

ऑर्व्हिल आणि डेलमार शाळेत एका बाकावर बसायचे. पुढे ऑर्व्हिलने अंगणभर मिल्कवीड वाढवलं, डेलमारने त्याला अकरा नोटिसा काढल्या आणि बाराव्या वेळी मशीन नेऊन सगळं सपाट केलं. त्यानंतर नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. गेल्या ऑक्टोबरात ऑर्व्हिल वारला. पाठ दुखते म्हणून डेलमार अंत्ययात्रेला गेला नाही. वसंतात त्याच्या विधवेने, आर्डिसने, थडग्यावर मिल्कवीड लावलं. दफनभूमी चर्चची, तिथे गावाचा कायदा चालत नाही. डेलमारने पास्टर लिंडक्विस्टना पत्र लिहिलं, तर त्यांनी परमेश्वराच्या निर्मितीवर दोन पानी उत्तर पाठवलं. तेव्हापासून ते रान तिथे छातीएवढं वाढत होतं आणि मेलेला माणूस रोज डेलमारला वाकुल्या दाखवत होता.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते खोटं नाही. गुरुवारी सकाळी सहा वाजता डेलमार दफनभूमीत शिरला. वरची पानं तोडली तर कुणाच्याही लक्षात येईल, म्हणून त्याने गुडघे टेकले आणि बुडाची तोडायला घेतली. पिशवी गाडीत राहिली होती, तेव्हा डोक्यावरची टोपी काढून त्यात भरली. तेवढ्यात चिकाचा हात डोळ्याला लागला आणि डोळे असे झोंबले की घळाघळा पाणी वाहू लागलं. शुक्रवारीही तेच झालं. चीक डोळ्यांत जाऊ न देण्याचं तंत्र काही त्याला साधलं नाही.

घरी मात्र सगळं सुरळीत होतं. अळ्या अशा तुटून पडायच्या की कान दिला तर कुरतडण्याचा आवाज ऐकू यायचा. दोन दिवसांत त्या बोटाएवढ्या झाल्या. डेलमारने त्यांना फोनवर व्हर्नाचा आवाजसुद्धा ऐकवला. व्हर्नाने तसं सांगितलं होतं.

शनिवारी पानं आणून झाल्यावर तो नाश्त्याला कॅफेत गेला. तो आत येताच सगळे गप्प झाले. मालकीण कॉफी ओतता ओतता म्हणाली, "आज पैसे नकोत हं, डेलमार." तिचा भाऊ रोज सकाळी पावाची गाडी घेऊन दफनभूमीवरून जायचा. एका म्हाताऱ्याने येऊन नुसता खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. डेलमारला वाटलं, हॉस्पिटलात व्हर्नाचं काही बरंवाईट झालंय आणि ते फक्त आपल्यालाच कळायचं राहिलंय. त्याने घाबरून फोन लावला.

व्हर्ना रडत होती.

"काय झालं? गुडघा?"

"गुडघा नाही रे. इथल्या नर्सची मावशी आपल्या गावची आहे. तिने सगळं सांगितलं. तू रोज पहाटे ऑर्व्हिलच्या थडग्यापाशी गुडघे टेकून, टोपी काढून रडतोस म्हणे. चव्वेचाळीस वर्षं मी तुला दगड समजत आले, डेलमार. माझं चुकलं."

खरं सांगावं तर गॅरेजमागची राख सांगावी लागणार. "त्यात काय एवढं," डेलमार म्हणाला.

दुपारी दारात आर्डिस उभी. हातात झाकलेलं भांडं, डोळे लाल. बटाटे, खिमा आणि मशरूमचं सूप एकत्र भाजलेला हॉटडिश होता. त्या गावात कुणाच्या घरी दुःख झालं की हाच जातो. बारशालाही हाच जातो.

"मी कळलं तेव्हापासून विचार करतेय," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले. आज सगळं मागे घेते."

"सगळं घेऊ नकोस," डेलमार म्हणाला. "थोडं राहू दे."

त्यावर ती आणखीनच गहिवरली. जाताना म्हणाली, "तुझ्यासाठी मी एक करणार आहे. उद्या सांगीन."

रविवारी चर्चमध्ये पास्टर लिंडक्विस्ट क्षमेवर बोलले. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण अर्धा तास त्यांची नजर डेलमारवरून हलली नाही, आणि त्यांच्यामागून दोनशे माणसांचीही. डेलमार घड्याळ बघत होता. रविवारी पहाटेपासून दफनभूमीत गर्दी असते म्हणून तो सकाळी गेलाच नव्हता. पिंजऱ्यात कालच्या पानांचे नुसते देठ उरले होते, आणि अळ्यांना कोष करायला अजून चार दिवस अवकाश होता.

प्रार्थना संपताच आर्डिस त्याच्याकडे आली. चेहऱ्यावर तेज होतं.

"सांगते म्हटलं होतं ना? ऑर्व्हिलच्या थडग्यावरचं ते रान तुला डिवचायलाच होतं, हे तुला माहीतच आहे. आता तुमचं दोघांचं मिटलं. म्हणून काल संध्याकाळी मी ते सगळं उपटून टाकलं. मुळांसकट! तुझ्यासाठी."

डेलमारने बाकाची पाठ घट्ट धरली. "कुठे टाकलंस?"

"अरे, आभार मानायची गरज नाही."

"आर्डिस, कुठे टाकलंस ते सांग!"

"चर्चमागे. पाचोळ्याच्या ढिगावर. पण तू..."

डेलमार निघाला होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस कोट-टाय घालून एवढ्या वेगाने पळालेला गावाने त्याआधी पाहिला नव्हता. ढिगावर चढून त्याने दोन्ही हातांनी पाचोळा उपसला. खाली झाडं होती. माना टाकल्या होत्या, पण मुळांना ओल होती. चार झाडं त्याने चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बादलीत बुडवली, बाकीची कवेत घेऊन थडग्यापाशी आला आणि हातांनीच खड्डे करू लागला. चर्चच्या तळघरात कॉफी पीत असलेली मंडळी कप हातात घेऊन बाहेर आली. तण-अधिकारी तण लावत होता.

आर्डिस धापा टाकत पोचली. "डेलमार, अरे हे काय? मी उपटलं ते तू..."

डेलमारने वर पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी रडत नव्हतो, आर्डिस. पानं चोरत होतो. व्हर्नाच्या अळ्यांसाठी. घरचं मिल्कवीड मीच कापलं, गावातलंही मीच संपवलं. उरलं ते फक्त ह्याच्याकडे."

"मग डोळ्यांतून पाणी?"

"चीक."

"आणि टोपी काढलीस ती?"

"पिशवी गाडीत राहायची."

आर्डिसने डोळे बारीक केले. "म्हणजे तो हॉटडिश..."

"चांगला झाला होता. संपला."

डेलमारला वाटलं, आता ही पर्स उचलून डोक्यात घालणार, आणि घातलीच पाहिजे. पण आर्डिस शेजारच्या दगडावर बसली आणि हसत सुटली. हसता हसता तिने पोट धरलं, मग चष्मा काढला, आणि मग ती खरोखरच रडू लागली.

"शेवटच्या आठवड्यात त्याला धड बोलवत नव्हतं," ती म्हणाली. "तरी म्हणाला, माझ्यावर मिल्कवीड लाव, बघू डेलमार येतो का. मला वाटलं, भांडण उकरून काढतोय मेला. आता वाटतं, तू यावंस एवढंच होतं त्याचं."

डेलमारने आणखी एक झाड लावलं आणि भोवतीची माती दाबली.

मागे पास्टर लिंडक्विस्ट हळू आवाजात लोकांना सांगत होते, "बघा. याला म्हणतात पश्चात्ताप."

खुलासा करायला डेलमारने तोंड उघडलं, तर आर्डिसने त्याचं मनगट दाबलं. "गप बस. त्यांचा रविवार कशाला खराब करतोस?" मग तिने झारी आणली आणि वाकून झाडांना पाणी घातलं. "अजून किती दिवस खातील तुझ्या त्या अळ्या?"

"चार."

"मग चार दिवस सातला ये. सहाला नको, मला एवढ्या लवकर उठवत नाही. मी कॉफी आणीन, तू पानं तोड."

"बरं," डेलमार म्हणाला. "आणि पाचव्या दिवशी?"

"पाचव्या दिवशीही ये की. पानं नको असली तर दोस्ताकडे येऊ नये, असा काही नियम आहे का तुमचा?"

डेलमारने नीट विचार केला. बावीस वर्षांचे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते. तसा नियम त्यांत कुठेच नव्हता.